वाऱ्यापुढचा गडी



आमच्या शाळेतल्या सरांची काळी बावीस इंची सायकल आमच्या घरी आली तेव्हा दादा आठवीत होता आणि मी पाचवीत. सायकल देताना सरांनी एकच अट घातली होती, धाकट्यालाही रोज शाळेत आणायचं. पहिलं वर्षभर मी मागे कॅरियरवर बसून गेलो. पुढच्या वर्षी मलाही एक जुनी सायकल मिळाली आणि आम्ही दोघं दोन सायकलींवर निघू लागलो. शाळा गावाच्या पश्चिमेला, सात किलोमीटरवर. रस्ता उघड्या माळावरचा, आडोशाला झाड नाही. जेठ-आषाढात पश्चिमेचा वारा सुटला की तो सरळ छातीवर यायचा. पायडल मारावं तर सायकल जागची हलत नसे.

दादा म्हणायचा, "माझ्या मागं ये. चाकाला चाक लाव, पण लागू देऊ नकोस."

दोन चाकांमध्ये वीतभर अंतर. तेवढं राखलं तर पुढे त्याचा सदरा फडफडत असायचा आणि माझा अंगाला चिकटून शांत. जरा मागे पडलो की वारा मधल्या फटीत शिरायचा आणि मला अडवायचा. त्या रस्त्यावरचं दुसरं काही मला आठवत नाही, कारण सगळा वेळ मी त्याच्या मागच्या मडगार्डावरच्या लाल काचेकडे बघत असे. काचेला खालच्या कोपऱ्यात एक तडा गेलेला होता. आई दादाच्या डब्यात एक भाकरी जास्त बांधायची, आणि मला त्याचा राग यायचा.

युरोपातल्या व्यावसायिक सायकल शर्यती मी गेली अनेक वर्षं मन लावून पाहतो, त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचतो. आज इथे त्याच विषयावर बोलायचं ठरवलं, कारण मला त्या शर्यतींत सतत ती लाल काच दिसते.

रस्त्यावरची सायकल शर्यत दुरून पाहणाऱ्याला धावण्याच्या शर्यतीसारखी वाटते. शे-दीडशे माणसं निघतात आणि सगळ्यांत आधी पोचेल तो जिंकतो. प्रत्यक्षात ही शर्यत वाऱ्याशी असते. सपाट रस्त्यावर ताशी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरच्या वेगाने जाणाऱ्या स्वाराची बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यात खर्च होते. वेग थोडा वाढवायचा तर कष्ट त्याहून कितीतरी जास्त वाढतात. दुसऱ्याच्या मागच्या चाकाला लागून चाललं तर साधारण तिसरा हिस्सा ताकद वाचते. मोठ्या घोळक्याच्या पोटात तर आणखी गंमत आहे. 2018 साली बर्ट ब्लोकेन या बेल्जियन संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 121 स्वारांच्या घोळक्याचा अभ्यास केला. आत, मागच्या बाजूला असलेल्या स्वाराला हवेचा जो विरोध होतो, तो एकट्याने चालणाऱ्याच्या तुलनेत जेमतेम 5 ते 10 टक्के भरतो असं त्यांना आढळलं. म्हणजे तोंडावर असणारे राबतात आणि आतला जवळजवळ फुकट चालतो. या खेळातली सगळी नीती, सगळे डाव, सगळी भांडणं या एका गोष्टीतून निघतात.

आपल्या शेतीत यासाठी दोन फार नेमके शब्द आहेत. एक इर्जिक. एखाद्याची नांगरट खोळंबली की गावातले लोक आपापली औतं घेऊन त्याच्या शेतात जातात, मजुरी घेत नाहीत, घरधनी जेवू घालतो. दुसरा सावड. आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. सायकलच्या शर्यतीत संघाच्या आत इर्जिक चालते. फ्रान्सच्या, इटलीच्या आणि स्पेनच्या तीन आठवड्यांच्या शर्यतींत प्रत्येक संघ आठ जणांचा असतो, आणि बहुधा त्यांतले सात जण एकाच्या शेतावर राबतात. वारा कापतात, पाणी आणतात, म्होरक्याची सायकल बिघडली तर आपली काढून देतात. जिंकणारा आपल्या बक्षिसाची रक्कम सोबत्यांत वाटून टाकतो अशी जुनी रीत आहे. सावड चालते ती प्रतिस्पर्ध्यांमध्ये. वेगवेगळ्या संघांचे चार जण घोळक्यातून पुढे निसटले तर ते आळीपाळीने तोंडावर येतात. शेवटच्या किलोमीटरपर्यंत एकमेकांचे भागीदार आणि मग एकमेकांचे वैरी. कुणी आपली पाळी चुकवली तर चौघंही धरले जातात.

हे शब्द मनात ठेवा, कारण आता मी तुम्हाला 31 मे 2025 या दिवसाकडे नेणार आहे.

त्या दिवशी 'जिरो द इटालिया'चा, म्हणजे इटलीच्या परिक्रमेचा, विसावा टप्पा होता. व्हेरेस ते सेस्त्रिएरे, 205 किलोमीटर. दुसऱ्या दिवशी रोमला समारोप, म्हणजे निकाल इथेच लागणार. अग्रणीची गुलाबी जर्सी मेक्सिकोच्या इसाक देल तोरोच्या अंगावर होती. वय 21. त्याच्या देशातल्या कुणीही ही शर्यत जिंकलेली नव्हती. दुसरा होता एक्वाडोरचा रिचर्ड कारापाझ, 2019 चा विजेता, टोकियो ऑलिंपिकचा सुवर्णपदकवाला. तो 43 सेकंदांनी मागे. तिसरा इंग्लंडचा सायमन येट्स, 1 मिनिट 21 सेकंदांनी मागे. त्याच्याकडे कुणाचं फारसं लक्ष नव्हतं.

वाटेत कोल्ले देल्ले फिनेस्त्रे नावाचा घाट होता. साडेअठरा किलोमीटरची चढण, सरासरी 9.2 टक्के. आपला बोरघाट यापुढे लहान पोर. माथा समुद्रसपाटीपासून जवळजवळ 2200 मीटरवर, आणि वरचे सुमारे आठ किलोमीटर डांबर नाही, नुसता खडी-मातीचा रस्ता. येट्सची आणि या घाटाची जुनी ओळख होती. 2018 साली याच शर्यतीत तो 13 दिवस गुलाबी जर्सीत होता. एकोणिसाव्या टप्प्यात याच घाटावर त्याचे पाय गेले. क्रिस फ्रूम शेवट 80 किलोमीटरवर असताना एकटा निघून गेला आणि त्याने ती शर्यत जिंकली. येट्स त्या एका दिवसात 38 मिनिटं 51 सेकंदांनी मागे पडला. टप्प्याच्या सुरुवातीला पहिला असलेला माणूस संध्याकाळी यादीत कुठल्या कुठे फेकला गेला. ज्याने कधी घाटात दम गमावला आहे त्याला हे कळेल. माणूस थकतो ते एक, पण त्याची सायकल त्याच्या डोळ्यांदेखत परक्याची होते.

सात वर्षांनी तो पुन्हा त्याच खडीवर आला. पायथ्याशी कारापाझने हल्ला केला, देल तोरो त्याला चिकटला. येट्स मागून आपल्या लयीने आला, त्यांना गाठलं, आणि पुढे निघाला. ते दोघे मागे राहिले. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कारापाझचं म्हणणं, जर्सी तुझ्या अंगावर आहे, तू ओढ. देल तोरोचा विचार, मी तुझ्या चाकाला लागलो तरी मला पुरेसं आहे, दुसऱ्या नंबरला तू आहेस, तूच ओढ. दोघांनाही सावड करायची नव्हती. चढ तीव्र असेपर्यंत त्याने फार बिघडत नाही, कारण घाटात वेगच इतका कमी असतो की दुसऱ्याच्या मागे राहून वाचणारी ताकद थोडी. माथ्यावर येट्स दीड मिनिटाहून जास्त पुढे होता. पण घाट उतरल्यावर दरी लागते, आणि तिथून सेस्त्रिएरेचा सौम्य, लांबलचक चढ. तिथे वेग असतो, म्हणजे तिथे वारा असतो. एकटा माणूस तिथे विरघळतो. मागचे दोघे तेवढ्यासाठी थांबले असतील तर त्यांचा हिशेब अगदीच चुकीचा नव्हता.

त्यांच्या हिशेबात वाउट फान आर्ट नव्हता.

फान आर्ट हा बेल्जियमचा, येट्सच्याच संघातला. हा साधा गडी नव्हे. 2021 च्या 'तूर द फ्रान्स'मध्ये या माणसाने दोनदा चढाव्या लागलेल्या मोंव्हाँतू डोंगराचा टप्पा जिंकला, घड्याळाविरुद्धचा एकट्याचा टप्पा जिंकला आणि पॅरिसमध्ये शाँझेलिझेवरची अखेरची वेगवान धावही जिंकली. तीन तऱ्हांचे तीन टप्पे, एकाच शर्यतीत. असा माणूस क्वचित जन्मतो. त्या दिवशी तो सकाळीच पुढे निसटलेल्या टोळीत शिरला होता, म्हणजे फिनेस्त्रेचा माथा येट्सच्या आधी पार करून गेला होता. खाली दरीत तो येट्सची वाट पाहत राहिला. येट्स उतरून आला आणि फान आर्ट त्याच्या पुढे लागला. मी ते दृश्य कितीदा पाहिलं असेल सांगता येत नाही. रुंद खांद्यांचा माणूस हँडलवर वाकलेला, आणि मागे वीतभर अंतरावर सडपातळ येट्स, मान खाली, नजर पुढच्या चाकावर. मागे दोघे जण एकमेकांकडे पाहत होते आणि इथे फरक वाढत चालला होता. दोन मिनिटं, तीन, चार. जेव्हा फान आर्टचे पाय संपले तेव्हा तो बाजूला झाला आणि येट्स एकटा वर गेला. सेस्त्रिएरेला देल तोरो आणि कारापाझ त्याच्या पाच मिनिटांहून जास्त मागून आले. शेवटच्या निकालात येट्स पहिला, देल तोरो 3 मिनिटं 56 सेकंदांनी दुसरा, कारापाझ 4 मिनिटं 43 सेकंदांनी तिसरा. येट्स रडत होता.

दुसऱ्या दिवशी सगळीकडे मथळे येट्सचे होते, आणि ते योग्यच आहे. त्याचा घाट तोच चढला. पण मित्रहो, या खेळात बातमीची एक जुनी अडचण आहे, आणि ती खेळाच्या जन्मापासूनची आहे. या शर्यती वर्तमानपत्रांनी जन्माला घातल्या. 1 जुलै 1903 रोजी पॅरिसजवळच्या माँजरों गावातून पहिली 'तूर द फ्रान्स' निघाली ती 'लोतो' नावाच्या दैनिकाचा खप वाढावा म्हणून. साठ जण निघाले, एकवीस परत आले. त्या दैनिकाचा कागद पिवळा होता, म्हणून 1919 पासून अग्रणीची जर्सी पिवळी. इटलीची शर्यत 1909 साली 'ला गाझेत्ता देल्लो स्पोर्त'ने काढली, त्याचा कागद गुलाबी, म्हणून जर्सी गुलाबी. रस्त्यावर उभ्या माणसाला शर्यत दोन मिनिटं दिसायची, उरलेली तो दुसऱ्या दिवशी वाचायचा. वाचायला नायक लागतो. 'लोतो'चा संपादक आंरी देग्रांज याला तर शर्यत म्हणजे एकेकट्या माणसाची कसोटीच हवी होती. दुसऱ्यासाठी राबणं त्याला फसवणूक वाटे. 1911 साली मोरीस ब्रोको नावाच्या स्वाराने फ्रांस्वा फाबेरला मदत केली तेव्हा देग्रांजने त्याला 'दोमेस्तिक' म्हटलं. मराठीत सांगायचं तर घरगडी. शिवी म्हणूनच वापरलेला शब्द. ब्रोकोने त्यानंतर पिरेनीजच्या डोंगरांतून सगळ्यांना मागे टाकून टप्पा जिंकून दाखवला, आणि तरी त्याला बाद केलं गेलं. आज तोच शब्द जगभर या कामाचं नाव म्हणून चालतो, आणि चांगला दोमेस्तिक मिळावा म्हणून संघ मोठी रक्कम मोजतात.

एकच छायाचित्र या सगळ्यापेक्षा जास्त सांगून जातं. 1934 चा तूर. रने व्हिएतो वीस वर्षांचा, पहिलाच तूर, डोंगरांत सगळ्यांपेक्षा सरस. त्याच्या फ्रेंच संघाचा म्होरक्या आंतोनँ मान्य पिवळ्या जर्सीत होता. पिरेनीजमध्ये एका उतारावर मान्यचं पुढचं चाक मोडलं. व्हिएतोने आपलं चाक काढून त्याला दिलं आणि दुसरं चाक येईपर्यंत रस्त्याकडेच्या दगडी कठड्यावर बसून राहिला. शेजारी चाक नसलेली सायकल, डोळ्यांत पाणी. छायाचित्रकाराने ते टिपलं. पुढच्याच टप्प्यात व्हिएतो पुढे होता, त्याला कळलं की मान्य मागे पुन्हा अडकला आहे. तो वळला आणि आलेला रस्ता उलटा चढून गेला. मान्यने तो तूर जिंकला. व्हिएतो पाचवा आला, आणि आयुष्यात त्याने तूर कधीच जिंकला नाही. आज फ्रान्सबाहेर कुणाला मान्य आठवत नाही, व्हिएतो आठवतो. त्या दिवशी बातमीने आपलं काम चोख केलं होतं, असं मी मानतो.

इथे मी थांबलो तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. इर्जिकीला गेलेल्या माणसाने शेत कुणाचं आहे हे विचारलं नाही तर काय होतं, तेही या खेळाने पाहिलं आहे. लान्स आर्मस्ट्राँगने 1999 ते 2005 सलग सात तूर जिंकले, आणि 2012 मध्ये उत्तेजकांच्या प्रकरणात ते सातही काढून घेतले गेले. त्या सातही शर्यतींत त्याच्यासोबत राहिलेला एकच सोबती होता, जॉर्ज हिंकापी. त्याची साक्ष आली तेव्हा उरलंसुरलं संपलं. पण त्याआधी कितीतरी वर्षं तो आणि इतर गप्प होते. 1999 च्या त्याच तूरमध्ये क्रिस्तोफ बासों हा फ्रेंच स्वार औषधांविरुद्ध उघड बोलत होता. घोळक्याने त्याला वाळीत टाकलं, त्याच्याशी कुणी बोलेना. शर्यत अर्ध्यावर सोडून तो घरी गेला. वारा कापणाऱ्यांच्या निष्ठेबद्दल मी आज एवढ्या मायेने बोलतो आहे, म्हणून बासोंचं नाव घेणं मला माझं कर्तव्य वाटतं. निष्ठा कुठे द्यायची आणि कुठे तोडायची हे त्याला एकट्याला, घोळक्याच्या बाहेर, पूर्ण वाऱ्यात उभं राहून ठरवावं लागलं.

आता आपल्याकडचं. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणत, हे इथल्या ज्येष्ठांना आठवत असेल. आणि जानेवारी 2026 मध्ये पुणे जिल्ह्यात आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाच्या यादीतली बहुटप्पी शर्यत झाली, 437 किलोमीटरची. मी मुद्दाम गावाकडच्या रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. शाळेची पोरं रांगेत, बायाबापडे बांधावर. घोळका आला, टायरांचा सूं असा एक आवाज झाला आणि गेला. मग मागून एकटा एक परदेशी पोरगा येताना दिसला. तो संघाच्या गाडीजवळ रेंगाळत होता, खिडकीतून बाटल्या घेत होता, एक खिशात, एक गळ्याशी जर्सीत, दोन पाठीवर, असं करत सात-आठ बाटल्या त्याने अंगावर भरल्या. पाठ उंटासारखी दिसायला लागली. पोरं हसायला लागली, हा सगळ्यांत मागे राहिला म्हणून. माझ्या शेजारी डोक्यावर पदर घेतलेली एक म्हातारी उभी होती. ती म्हणाली, "हसू नगा. पाणक्या हाय त्यो. फुडच्यांला पानी न्यायचंय त्याला."

फ्रेंचमध्ये या कामाला 'पाणी वाहणारा' असाच शब्द आहे. शंभर वर्षांचं वाङ्मय वाचून मला जे कळलं ते तिने एका नजरेत ओळखलं. ओझं घेऊन तो पोरगा पायडलवर उभा राहिला आणि घोळका गाठायला निघाला. एकटा, पाठीवर चार-पाच किलो पाणी, समोर मोकळा रस्ता आणि वारा. निकालाच्या यादीत तो कुठे होता हे मी घरी जाऊन शोधायला बसलो, पण त्याचा क्रमांक मी लिहून घ्यायला विसरलो होतो.

दादाचं शिक्षण दहावीला थांबलं. त्या वर्षी विहीर आटली आणि घरातून एकालाच पुढे पाठवता येणार होतं. सायकल त्याने माझ्या हाती दिली. पुढची तीन वर्षं आषाढात मी त्या माळावरून एकटा गेलो, आणि तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तो रस्ता मुळात किती लांब होता. आज तो इथे आलेला आहे, तिसऱ्या रांगेत बसला आहे. त्याने मला नाव घेऊ नकोस म्हणून बजावलं आहे, म्हणून मी नाव घेत नाही.

मला अजून एक सांगायचं राहिलं आहे, रोमचं. 1 जून 2025, जिरोचा शेवटचा दिवस. त्या दिवशी दुपारी सगळा घोळका व्हॅटिकनमध्ये थांबला, नवे पोप लिओ यांनी स्वारांना आशीर्वाद दिला. गुलाबी जर्सीत येट्स पुढे उभा होता. मग शहरातल्या रस्त्यांवर फेऱ्या सुरू झाल्या. शर्यतीचा निकाल लागलेला होता, येट्सला फक्त पडायचं नव्हतं. तीन आठवडे राबलेल्या माणसांना तो दिवस मोकळा मिळायला हवा होता. पण येट्सच्या संघात ओलाव कोय नावाचा एक तरुण वेगवान स्वारही होता, आणि शेवटची वेगवान धाव त्याच्या हाताशी होती. अखेरचे किलोमीटर आले. त्यांच्या संघाच्या पिवळ्या-काळ्या जर्सींची एक रांग घोळक्याच्या कडेने वर सरकली. रांगेत कोयच्या पुढे, हँडलवर वाकलेले, ते कालचेच रुंद खांदे होते. कोय त्याच्या मागच्या चाकाला वीतभर अंतरावर लागलेला होता.